स्प्रिंग ट्रेनिंग सुरू होतंय! बेसबॉलच्या सराव-महिन्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकी बेसबॉलची अंतिम मालिका, संपते आणि मग बेसबॉलवेड्या माणसाचे साडेतीन महिने जाता जात नाहीत. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एक बातमी येते: पिचर (चेंडू टाकणारे) आणि कॅचर (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारे) सरावाला हजर झाले. या एका ओळीने माझा हिवाळा संपतो. मी फिनिक्सच्या परिसरात राहतो, शिकागो कब्ज संघाचा चाहता आहे, आणि दर वर्षी या दिवसांत नातेवाईक, ऑफिसमधले मराठी मित्र, पुण्या-नाशिकची भाचरं तेच तेच प्रश्न विचारतात. त्या सगळ्यांसाठी ही उत्तरं.

स्प्रिंग ट्रेनिंग म्हणजे नेमकं काय?

मेजर लीग बेसबॉलमध्ये 30 संघ आहेत. मार्चअखेरीस मुख्य हंगाम सुरू होतो आणि त्यात प्रत्येक संघ 162 सामने खेळतो. त्याआधी जवळपास सहा आठवडे हे सगळे संघ उबदार प्रदेशात मुक्काम ठोकून तयारी करतात. 15 संघ अ‍ॅरिझोनात, 15 फ्लोरिडात. फेब्रुवारीच्या मध्याला पिचर आणि कॅचर येतात, चार-पाच दिवसांनी बाकीचे. त्याच महिन्याच्या अखेरच्या आठवड्यापासून सराव सामने सुरू होतात आणि मग जवळजवळ रोज एक सामना. अ‍ॅरिझोनातल्या सामन्यांना कॅक्टस लीग म्हणतात, फ्लोरिडातल्यांना ग्रेपफ्रूट लीग.

पिचर आणि कॅचर बाकीच्यांच्या आधी का येतात?

कारण खांद्याला घाई चालत नाही. पिचर 18.44 मीटरवरून ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगाने चेंडू टाकतो, तोही बहुतेक वेळा पूर्ण ताकदीने. हिवाळ्यात तो घरी सराव करतोच, पण सामन्यात एका दमात 80-90 चेंडू टाकायची तयारी टप्प्याटप्प्यानेच होते. आधी बुलपेनमध्ये, म्हणजे पिचरांच्या सरावाच्या जागेत, कॅचरकडे चेंडू टाकायचे. मग स्वतःच्याच संघातले बॅटर समोर उभे करायचे. मग सामन्यात एक इनिंग (सामन्यातल्या नऊ डावांपैकी एक), पुढच्या खेपेला दोन, असं करत मार्चच्या शेवटी पाच-सहा. आता एवढ्या पिचरांचे चेंडू झेलायचे म्हणजे कॅचर हवेतच. म्हणून छावणीत नेहमीपेक्षा कितीतरी जास्त कॅचर बोलावलेले असतात, आणि पहिल्या आठवड्यात छावणीतली सर्वांत दमलेली माणसं तीच असतात.

सामन्यांचा निकाल कुठेच धरला जात नाही. मग इतका आनंद कशाचा?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. निकाल धरला जात नाही हे खरं. गुणतक्त्यात काही जात नाही, सामना बरोबरीत सुटला तरी कोणी जादा इनिंग खेळत बसत नाही, आणि मोठे खेळाडू पाचव्या इनिंगनंतर बहुतेक निघून जातात.

पण निकालाचं ओझं उतरलं की खेळ कसा बनतो ते दिसायला लागतं. मुख्य हंगामात आपल्याला तयार माल दिसतो. इथे पिचर नवा चेंडू शिकत असतो, तो फसतो, होम रन (आपल्या षटकारासारखा फटका) बसते, आणि तरी पुढच्या बॅटरला तो तोच चेंडू पुन्हा टाकतो. जुलैत असं कोणी करणार नाही. पस्तिशीचा एक बॅटर, गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्या बेसकडे पळताना पहिल्यांदा अंग सोडून पळतो आणि डगआउटमधले सगळे उठून टाळ्या वाजवतात. स्कोअरकार्डावर त्याची नोंद फक्त एक डबल, म्हणजे दुसऱ्या बेसपर्यंत पोचवणारा फटका.

शिवाय या महिन्यात सगळे बरोबरीत असतात. गेल्या वर्षी शंभर सामने हरलेल्या संघाचा चाहताही फेब्रुवारीत छातीठोकपणे म्हणू शकतो की यंदा आमचं वर्ष. कब्जचे चाहते 1908 च्या विजेतेपदानंतर दर वसंतात हेच म्हणत होते, आणि 2016 मध्ये ते खरं ठरलं. म्हणून फेब्रुवारीतल्या आशेची कोणी चेष्टा केली की मला ते सहन होत नाही.

आणि जवळीक. कब्जच्या, फिनिक्सजवळच्या मेसा इथल्या स्लोन पार्कमध्ये 15,000 प्रेक्षक मावतात, आणि कॅक्टस लीगमधलं ते सर्वांत मोठं मैदान! बाकीची त्याहून लहान. आउटफिल्डच्या मागे हिरवळीचा उतार असतो, तिथे चादर अंथरून बसायचं. बुलपेन कठड्याच्या पलीकडे. चेंडू कॅचरच्या मिटमध्ये, म्हणजे जाड हातमोज्यात, आपटतो तो आवाज टीव्हीवर कधीच तसा येत नाही.

हे सगळं अ‍ॅरिझोना आणि फ्लोरिडातच का?

मूळ कारण हवामान. फेब्रुवारीत शिकागो, बोस्टन, डेट्रॉइटच्या मैदानांवर बर्फ असतो. सुरुवात मात्र तिसऱ्याच ठिकाणी झाली. 1886 मध्ये मॅनेजर कॅप अ‍ॅन्सन आपल्या शिकागो व्हाइट स्टॉकिंग्जला, म्हणजे आजच्या कब्जच्या पूर्वजांना, आर्कान्सातल्या हॉट स्प्रिंग्ज या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी घेऊन गेला. हिवाळ्यात वाढलेली वजनं उतरवणं हा मुख्य हेतू. पुढे बरेच संघ तिथे जाऊ लागले, आणि 1918 मध्ये बेब रूथने, तेव्हा तो बोस्टनचा पिचर होता, तिथे मारलेला चेंडू समोरच्या मगरींच्या फार्ममध्ये जाऊन पडला असं सांगतात.

माझी आवडती छावणी कॅटलिना बेटावरची. च्युइंगगमवाले विल्यम रिगली हे कब्जचेही मालक आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळच्या त्या बेटाचेही. त्यांनी 1921 पासून संघ तिथे न्यायला सुरुवात केली, आणि महायुद्धाची वर्षं सोडली तर 1951 पर्यंत बहुतेक वर्षी कब्ज तिथेच सराव करायचे. 1937 मध्ये त्यांच्या सरावाच्या बातम्या द्यायला आयोवाहून एक तरुण रेडिओ निवेदक आला, त्या फेरीत हॉलिवूडमध्ये जाऊन त्याने स्क्रीन टेस्ट दिली आणि तो नट झाला. त्याचं नाव रोनाल्ड रेगन.

फ्लोरिडात संघ विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून येत होते. ग्रेपफ्रूट लीग या नावामागची गोष्ट 1915 ची. ब्रुकलिनचा मॅनेजर विल्बर्ट रॉबिन्सन याने विमानातून टाकलेला चेंडू झेलून दाखवायची पैज घेतली, आणि वैमानिक रूथ लॉ हिने चेंडूऐवजी ग्रेपफ्रूट टाकलं. ते त्याच्या अंगावर फुटलं, रस उडाला, आणि बिचाऱ्याला वाटलं की आपण रक्तबंबाळ झालो.

अ‍ॅरिझोनाची कहाणी 1947 पासून. क्लीव्हलँडचे मालक बिल व्हीक यांनी संघ टूसॉनला आणला आणि न्यूयॉर्क जायंट्सना फिनिक्सला यायला राजी केलं. त्याच वर्षी जुलैत व्हीक यांनी लॅरी डोबीला संघात घेतलं, अमेरिकन लीगमधला (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एक) पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. पण पुढच्या वसंतात टूसॉनमध्ये संघ ज्या हॉटेलात उतरला तिथे डोबीला खोली मिळाली नाही. अ‍ॅरिझोनाचं कौतुक करताना हे सांगायलाच हवं.

जॅकी रॉबिन्सनचा स्प्रिंग ट्रेनिंगशी काय संबंध?

फार मोठा. लोकांना 15 एप्रिल 1947 ही तारीख माहीत असते, त्या दिवशी तो ब्रुकलिन डॉजर्सकडून पहिला सामना खेळला आणि आधुनिक मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. पण खरी कसोटी वर्षभर आधी फ्लोरिडात लागली. डॉजर्सचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी त्याला डॉजर्सच्या हाताखालच्या माँट्रियल रॉयल्स संघात घेतलं होतं. 1946 च्या वसंतात तो आणि पत्नी रेचल छावणीवर निघाले, तेव्हा वाटेत त्यांना विमानातून उतरवलं गेलं आणि पुढचा प्रवास बसच्या मागच्या बाकावर बसून करावा लागला. सॅनफर्ड गावात धमक्या आल्या, दोन दिवसांत तिथून निघावं लागलं. जॅक्सनव्हिलला सामन्यासाठी संघ पोचला तर मैदानाच्या दाराला कुलूप. डीलँडमध्ये दिव्यांची दुरुस्ती चालू आहे म्हणून सामना रद्द केला, आणि सामना होता भर दुपारचा.

डेटोना बीचने मात्र दार उघडलं. 17 मार्च 1946 रोजी तिथे तो डॉजर्सविरुद्ध खेळला. आज त्या मैदानाला जॅकी रॉबिन्सनचं नाव आहे. पुढच्या वर्षी रिकी यांनी अख्खी छावणी क्युबातल्या हवानाला हलवली, आणि 1948 मध्ये फ्लोरिडात व्हेरो बीचला नौदलाच्या जुन्या तळावर डॉजरटाउन वसवलं, जिथे सगळे खेळाडू एकाच आवारात राहू-जेवू शकत होते. 2008 पर्यंत डॉजर्स तिथेच होते. फ्लोरिडात जाणार असाल तर एक सामना कमी बघा, पण डेटोनाचं ते मैदान बघून या.

कोणत्या भागात जाणं सोयीचं?

पहिल्यांदा जात असाल तर अ‍ॅरिझोना. सगळी मैदानं फिनिक्सच्या आसपास आहेत, तासाभराच्या आत कुठूनही कुठेही पोचता येतं. दुपारी एक सामना आणि रात्री दुसरा, असं एका दिवसात जमतं. डॉजर्स आणि व्हाइट सॉक्स ग्लेनडेलला, जायंट्स स्कॉट्सडेलला, मरिनर्स आणि पाद्रेज पिओरियाला, रेंजर्स आणि रॉयल्स सरप्राइझ नावाच्या गावात.

फ्लोरिडातली मैदानं लांब लांब पसरलेली आहेत, पण जुनेपणाचा गोडवा तिथेच. ब्रॅडेंटनचं पायरेट्सचं मैदान 1923 चं. डेट्रॉइट टायगर्स लेकलंडला 1934 पासून येतात. फोर्ट मायर्सला रेड सॉक्सने बोस्टनमधल्या आपल्या मैदानाच्या मापांचंच दुसरं मैदान बांधलंय, ती प्रसिद्ध हिरवी भिंतसुद्धा.

रेड सॉक्सचा विषय निघालाच आहे तर त्यांच्या ट्रकबद्दल. फेब्रुवारीच्या सुरुवातीला बोस्टनहून सामानाचा ट्रक फोर्ट मायर्सला निघतो, सुमारे 2,400 किलोमीटर. त्यात काय काय आहे याची यादी संघ जाहीर करतो: 20,400 चेंडू, 1,100 बॅटी, सूर्यफुलाच्या बियांची 60 खोकी, बबलगमची 20 खोकी. थंडीत कुडकुडत लोक त्या ट्रकला निरोप द्यायला जमतात. मी बोस्टनचा चाहता नाही, तरी त्या दिवशीचे फोटो न चुकता बघतो.

सकाळी सराव बघायला गेलो तर काय बघू?

सकाळी नक्की जा! सामना दुपारी एकच्या सुमाराला असतो, पण मागच्या मैदानांवर साडेनऊ-दहापासून काम चालू असतं. कोणत्या छावणीत लोकांना किती वाजेपर्यंत आत सोडतात ते संघाच्या वेबसाइटवर आधी बघून घ्या. बऱ्याच ठिकाणी हे फुकट असतं.

मला सगळ्यात आवडतो तो पिचरांचा फील्डिंगचा सराव. माउंडवरून, म्हणजे मैदानाच्या मधल्या उंचवट्यावरून, पिचर चेंडू टाकल्याचं नाटक करतो. कोच पहिल्या बेसमनकडे जमिनीवरून चेंडू मारतो. त्याच क्षणी पिचरने पहिल्या बेसकडे धावायचं, पण सरळ नाही. आधी रेषेच्या दिशेने, मग वळण घेऊन रेषेला समांतर, पळता पळता चेंडू घ्यायचा आणि उजव्या पायाने बेसची आतली कड टिपायची. बाहेरच्या बाजूला पाय पडला तर धावणाऱ्या बॅटरशी टक्कर आणि घोटा गेलाच. कोट्यवधी डॉलर घेणारे पिचर रांगेत उभे राहून हे पुन्हा पुन्हा करतात, आणि कोणी चुकला की बाकीचे ओरडून त्याची फिरकी घेतात. ऑगस्टमध्ये एखादा सामना नेमका याच पावलावर सुटतो.

दुसरं म्हणजे बुलपेन. पाच-सहा पिचर शेजारी शेजारी उभे राहून एकाच वेळी टाकतात. चेंडूपेक्षा कॅचरच्या हाताकडे बघा. मिट जिथे धरलाय तिथून तो किती हलवावा लागतो, यावरून पिचरचा दिवस कसा चाललाय ते लगेच कळतं.

आणि सामना बघताना?

पाठीवरचे आकडे. मोठे आकडे, म्हणजे 70 च्या पुढचे, बहुधा अशा मुलांचे असतात ज्यांचं नाव संघाच्या 40 जणांच्या यादीत नाही, फक्त सरावाला बोलावणं आलंय. हंगाम सुरू होताना संघात 26 जागा असतात आणि छावणीत साठ-सत्तर माणसं. सातव्या इनिंगनंतर अर्धं मैदान रिकामं होतं. माझं ठाम मत आहे की तिथूनच सामना सुरू होतो. त्या मुलांसाठी प्रत्येक चेंडू नोकरीची मुलाखत आहे. पगारही अजून सुरू झालेला नसतो, मोठ्या खेळाडूंचासुद्धा, या काळात फक्त भत्ता मिळतो.

काही गोष्टी चमत्कारिक वाटतील. एकच संघ दोन तुकड्या करून एकाच दिवशी दोन ठिकाणी खेळतो. बाहेर गेलेला पिचर पुढच्या इनिंगला परत येतो. हे सराव सामने असल्यामुळे चालतं.

स्प्रिंगमधल्या आकड्यांवर किती विश्वास ठेवावा?

फार कमी. 2018 मध्ये शोहेई ओतानी जपानहून एंजल्स संघाकडे आला. टेंपीच्या छावणीत 32 वेळा बॅटिंग करून त्याचे हिट (बेसवर पोचवणारे फटके) चार, सरासरी .125, म्हणजे आठातून एकदा. पिचर म्हणून तर दर नऊ इनिंगला 27 धावा या हिशोबाने मार खाल्ला. याला मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पातळीवर, पाठवा, असं जाणकार लिहीत होते. छावणीच्या अगदी शेवटी त्याने पुढचा पाय उचलून मारायची सवय सोडली, फक्त टाच उचलायला लागला. त्या वर्षी 22 होम रन आणि अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू. आकडे रडत होते, पण पायाचा तो बदल ज्यांनी बघितला त्यांना खरी बातमी कळली होती.

अ‍ॅरिझोनात आणखी एक भानगड आहे. हवा कोरडी आणि विरळ, त्यामुळे चेंडू लांब जातो आणि वळतो कमी. तिथल्या पिचरांना धावा जास्त पडल्या तर लगेच घाबरू नका.

आता याच्या उलट. 2001 मध्ये सेंट लुइस कार्डिनल्सच्या छावणीत एक एकवीस वर्षांचा मुलगा आला. 1999 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, तेराव्या फेरीत निवडलेला, आदलं वर्ष बहुतेक खालच्या लीगमध्ये काढलेलं. त्याला संघात घ्यायचा कोणाचाच बेत नव्हता. मार्चभर तो असा मारत सुटला की मॅनेजरला त्याला वगळता येईना, त्यात एका अनुभवी खेळाडूची मांडी दुखावली आणि जागा झाली. त्या हंगामात .329 सरासरी, 37 होम रन. तो अल्बर्ट पुहोल्स, पुढे 703 होम रन मारून निवृत्त झाला. म्हणून म्हणतो, आकडे सोडा पण माणसं बघा.

नवे नियम इथेच तपासतात का?

बरेचदा. 2023 मध्ये पिचसाठी, म्हणजे चेंडू ठरावीक सेकंदांत टाकला जावा यासाठी, घड्याळ आलं. सामने सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, 25 फेब्रुवारीला, फ्लोरिडातल्या नॉर्थ पोर्टमध्ये ब्रेव्ह्ज आणि रेड सॉक्सचा सामना 6-6 वर, शेवटची इनिंग, बेसेस भरलेले, दोन बाद, शेवटचा स्ट्राइक बाकी (तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद). बॅटर वेळेत तयार झाला नाही म्हणून अंपायरने स्ट्राइक दिला आणि सामना तिथेच संपला. महिन्याभरात खेळाडू सरावले, आणि सामने जवळपास अर्ध्या तासाने आटोपशीर झाले. मला सुरुवातीला हे घड्याळ नको होतं, आता ते काढू नये असं वाटतं.

2025 च्या वसंतात बॉल-स्ट्राइकच्या, म्हणजे चेंडू बॅटरच्या टप्प्यात होता की बाहेर या अंपायरच्या, निर्णयाला आव्हान द्यायची यंत्रणा 13 मैदानांवर तपासली. बॅटर, पिचर किंवा कॅचर यांनीच, डोक्याला हात लावून, लगेच आव्हान द्यायचं. संघाला दोन संधी, बरोबर ठरलात तर संधी शाबूत. 2026 पासून ते मुख्य हंगामासाठी मंजूर झालं.

भारतातून हे सामने कधी दिसतील?

फ्लोरिडात दुपारी 1:05 म्हणजे आपल्याकडे रात्री 11:35. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं पुढे सरकतात, मग रात्री 10:35. अ‍ॅरिझोनात घड्याळ बदलत नाही, तिथला 1:05 चा सामना कायम पहाटे 1:35 ला. पुण्यातल्या भाच्यांना मी फ्लोरिडातले संघ धरायला सांगतो.

कोणी भारतीय या छावणीत पोचलाय का?

हो. रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघेही उत्तर प्रदेशचे, दोघेही भालाफेकपटू. 2008 मध्ये भारतात झालेल्या चेंडूफेकीच्या स्पर्धेतून ते निवडले गेले. अमेरिकेत जाण्याआधी दोघांनीही बेसबॉल खेळला नव्हता. त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केलं आणि ते ब्रॅडेंटनला सरावाला लागले. मेजर लीगपर्यंत कोणी पोचलं नाही, पण डावखुरा रिंकू पायरेट्सच्या खालच्या संघांतून काही हंगाम खेळला. आपल्याकडे महाराष्ट्रात शालेय स्पर्धांत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही आहेत. तिथल्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला असा सहा आठवड्यांचा शिस्तशीर सराव मिळाला तर काय होईल, हा विचार दर फेब्रुवारीत माझ्या मनात येतो.

मुलांना सही मिळेल?

शक्यता चांगली. दारं उघडताच आत जा, डगआउटच्या टोकाजवळच्या कठड्याशी थांबा, पेन आणि चेंडू स्वतःचा न्या. मोठ्या आकड्यांच्या मुलांकडेही आवर्जून सही मागा.

काय बरोबर न्यायचं?

टोपी, सनस्क्रीन, पाण्याची बाटली, बसायला चादर. मार्चमध्ये फिनिक्सला ऊन चटका देतं. हिरवळीचं तिकीट सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत उत्तम.

मी नवखा आहे. कोणता संघ धरू?

कोणताच ठरवून जाऊ नका. एक सकाळ कुठल्याही छावणीत काढा, मागच्या मैदानावरचा मोठ्या आकड्याचा एक मुलगा निवडा, त्याचं नाव लिहून ठेवा. मार्चमध्ये कपात होते आणि बहुतेकांना मायनर लीगमध्ये पाठवतात, तेव्हा त्याचं काय झालं ते शोधा. तो खालच्या संघात गेला तर तिथले त्याचे सामने बघा. तो ज्या संघाचा, तो तुमचा संघ. मात्र निवड मेसाच्या छावणीत झाली तर मला कळवा, कब्जच्या सामन्याला आपण एकत्र जाऊ.